ऑक्सफर्डची पाटी आणि सातबारा

ऑक्सफर्डमधले बहुतेक जुने पब आणि कॉफीगृहे कारफॅक्स चौकापासून चालत पंधरा-वीस मिनिटांच्या आत आहेत. गल्ल्या अरुंद, रस्ते मध्ययुगीन आणि गाडी उभी करायला जागा नाही. त्यामुळे वाहन गावाबाहेरच्या तळावर ठेवून पायीच फिरावे लागते. प्रत्येक दारावर एखादी पाटी असते, तिच्यावर एखादे जुने साल किंवा थोर नाव असते. पाटीवर नसतो तो इमारतीचा सातबारा. तो बहुधा एखाद्या कॉलेजच्या नावावर निघतो, आणि या शहरातल्या पेयपानाचा खरा इतिहास तिथेच सापडतो.

कारफॅक्स म्हणजे शहराचे चार मुख्य रस्ते मिळतात तो चौक. इथल्या एका बँकेच्या भिंतीवर स्विंडलस्टॉक टॅव्हर्न या दारूच्या दुकानाची खूण सांगणारा मजकूर आहे. १० फेब्रुवारी १३५५ रोजी दोन विद्यार्थ्यांनी इथल्या वाईनबद्दल तक्रार केली, मालकाशी हुज्जत घातली आणि वाईन त्याच्याच अंगावर फेकली. दोन्ही बाजूंनी चर्चच्या घंटा वाजवून माणसे गोळा केली. विद्यापीठाचे ६३ आणि गावातले सुमारे ३० जण मारले गेल्याचे सांगतात. राजाने कौल विद्यापीठाच्या बाजूने दिला. शहरात विकला जाणारा पाव, बिअर आणि वाईन यांची मापे तपासण्याचा अधिकार विद्यापीठाकडे गेला. महापौर आणि ६२ नागरिकांनी दरवर्षी सेंट मेरी चर्चमध्ये जाऊन माणशी एक पेनी दंड भरायचा, असेही ठरले. ही शिक्षा १८२५ पर्यंत चालू होती. वाईट वाईनची इतकी महाग तक्रार दुसरी क्वचितच झाली असेल.

पुढेही विद्यापीठाचा पबशी संबंध राहिला, तो अंमलदार म्हणून. विसाव्या शतकात बराच काळ पदवीच्या विद्यार्थ्यांना पबमध्ये जायला बंदी होती. प्रॉक्टर, म्हणजे विद्यापीठाचे शिस्त राखणारे अधिकारी, आणि त्यांचे बोलर हॅट घातलेले शिपाई, ज्यांना विद्यार्थी ‘बुलडॉग’ म्हणत, रात्री पबमध्ये शिरून नाव आणि कॉलेज विचारत. आता बंदी नाही, पण कॉलेजांच्या आतच स्वतःचे बार असतात आणि तिथली बिअर स्वस्त पडते. त्यामुळे पबमध्ये प्राध्यापक, पर्यटक आणि गावकरी यांचाही भरणा असतो.

चौकापासून दोन मिनिटांवर, अल्फ्रेड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ‘द बेअर’ हा ठेंगणा पब आहे. तो स्वतःचे साल १२४२ सांगतो. मात्र ते साल हाय स्ट्रीटवरच्या जुन्या सराईचे आहे. आजची इमारत सतराव्या शतकात त्या सराईच्या घोडेवाल्यासाठी बांधलेले घर आहे. भिंतींवर आणि छतावर काचेमागे नेकटायची टोके लावलेली आहेत. कॉलेजच्या, क्लबच्या किंवा पलटणीच्या टायचे टोक कापून द्यायचे आणि बदल्यात अर्धा पिंट बिअर घ्यायची, ही रीत १९५२ मध्ये सुरू झाली. संग्रह साडेचार हजारांवर गेला आहे.

पबचे व्यवहार नवख्याने आधी समजून घ्यावेत. टेबलाशी कोणी ऑर्डर घ्यायला येईल म्हणून बसून राहू नये. गल्ल्यावर जाऊन सांगायचे, तिथेच पैसे द्यायचे. चौघे एकत्र आले तर प्रत्येक जण आळीपाळीने सगळ्यांसाठी घेतो, आणि आपली पाळी चुकवणारा लक्षात राहतो. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. एल ही पारंपरिक बिअर तळघरातल्या पिंपात आंबत राहते आणि हातपंपाने वर ओढली जाते. तिचे तापमान साधारण ११ ते १३ अंश असते. बर्फगार बिअरची सवय असलेल्याला ती कोमट वाटते, पण थंडीने बधिर झालेल्या जिभेला तिची चव कळत नाही. बंद होण्याआधी घंटा वाजते, ती शेवटच्या ऑर्डरची.

हाय स्ट्रीटच्या पूर्व भागात दोन कॉफीगृहे समोरासमोर उभी आहेत. ‘क्वीन्स लेन’ १६५४ चा दाखला देते, तर ‘ग्रँड कॅफे’ १६५० चा. अँथनी वुड या स्थानिक इतिहासकाराच्या टिपणांनुसार जेकब नावाच्या ज्यू माणसाने १६५० च्या सुमारास एंजल या सराईत कॉफी विकायला सुरुवात केली. लंडनचे पहिले कॉफीगृह त्यानंतर, १६५२ मध्ये आले. अर्थात दोन्ही ठिकाणी तेव्हापासून आजवर अखंड कॉफी उकळते आहे असा अर्थ काढू नये. १६५५ मध्ये आर्थर टिलयार्ड या औषधविक्रेत्याने ऑल सोल्स कॉलेजसमोर आपल्या घरी कॉफी पाजायला सुरुवात केली. पुढे वास्तुकार म्हणून गाजलेला तरुण ख्रिस्तोफर रेन तिथे येणाऱ्यांपैकी एक. या बैठकीतून रॉयल सोसायटी ही विज्ञानसंस्था जन्मली, असे उत्साहाने सांगितले जाते. पण त्या जन्मात वॉडम कॉलेजात जॉन विल्किन्सभोवती जमलेल्या प्रयोगकर्त्यांचा वाटा नक्कीच मोठा. कॉफीवर सगळेच खूश नव्हते. विद्यापीठातला भरीव अभ्यास का घटला, तर लोक दिवसभर कॉफीगृहात बसतात म्हणून, असा निष्कर्ष वुडनेच नोंदवून ठेवला. आज तिथल्या टेबलांवर लॅपटॉप उघडे दिसतात. एका कपावर तासन्‌तास काढणारे गिऱ्हाईक मात्र जुनेच.

हाय स्ट्रीटवरून क्वीन्स लेन आणि न्यू कॉलेज लेनच्या वळणांतून गेले की सेंट हेलन्स पॅसेज लागतो. अंग चोरून जावे लागते अशी ती बोळ ‘टर्फ टॅव्हर्न’च्या अंगणात, जुन्या तटबंदीच्या पायथ्याशी उघडते. इथली पाटी बॉब हॉक यांची. १९५४ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी अडीच पिंट बिअर ११ सेकंदांत संपवली. त्यांच्या स्वतःच्या आठवणींनुसार मात्र हा पराक्रम युनिव्हर्सिटी कॉलेजच्या भोजनगृहात, गाऊन न घालता जेवायला आल्याच्या दंडापायी घडला.

हॉलिवेल स्ट्रीटच्या तोंडाशी ‘किंग्ज आर्म्स’ आहे, १६०७ चा. इमारत वॉडम कॉलेजची. त्याच्या मागच्या खोलीत १९७३ पर्यंत स्त्रियांना प्रवेश नव्हता. समोरच जुन्या इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत आहे, हत्तीच्या आकाराचे वातकुक्कुट मिरवणारी. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी सोमरव्हिल कॉलेजात कायदा शिकत होत्या, तेव्हा ती संस्था नवी होती. १८९२ मध्ये त्यांनी बी.सी.एल.ची परीक्षा दिली. तेव्हा स्त्रियांना पदवी दिली जात नसे. तीस वर्षांनी ती हाती आली, तरी किंग्ज आर्म्सच्या त्या मागच्या खोलीचे दार स्त्रियांना उघडायला आणखी अर्धे शतक जायचे होते.

सेंट जाइल्स या रुंद रस्त्यावर सेंट जॉन्स कॉलेजच्या मालकीचा इतिहास ठळक दिसतो. ‘ईगल अँड चाइल्ड’च्या मागच्या रॅबिट रूममध्ये टोल्किन, सी. एस. लुईस आणि त्यांच्या ‘इंकलिंग्ज’ या गटातले लेखकमित्र मंगळवारी सकाळी जमत. हस्तलिखितांचे वाचन मुख्यतः गुरुवारी रात्री लुईस यांच्या मॉडलिन कॉलेजमधल्या खोल्यांत होई. पबमध्ये चालत त्या गप्पा. हा पब २०२० मध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये एलिसन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तो सेंट जॉन्सकडून विकत घेतला. समोरच्या ‘लँब अँड फ्लॅग’चा नफा सेंट जॉन्सने संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना लावला होता. तोही २०२१ च्या आरंभी बंद पडला, पण पुढच्या वर्षी एका सामुदायिक कंपनीने भाड्याने घेऊन पुन्हा उघडला.

पुढे जेरिको ही जुनी छापखाना-कामगारांची वस्ती येते. तिथल्या ‘जेरिको टॅव्हर्न’मध्ये रेडिओहेड या रॉक बँडने, ते नाव घेण्याआधी, कार्यक्रम केले होते. वॉल्टन वेल रोडवरून पोर्ट मेडोचे कुरण लागते. डूम्सडे बुकात, म्हणजे १०८६ मध्ये नोंदलेले हे कुरण कॉलेजांचे नाही. ऑक्सफर्डच्या फ्रीमन या परंपरागत हक्कदार नागरिकांचा आणि वुल्व्हरकोटच्या गावकऱ्यांचा इथे गुरे-घोडे चारण्याचा हक्क अजून चालतो. हिवाळ्यात त्याचा मोठा भाग पाण्याखाली जातो, तेव्हा रबरी बूट लागतात. नदी ओलांडली की बिन्सीचा गवती छपराचा ‘द पर्च’ येतो. नदीकाठाने आणखी वर गॉडस्टोच्या बांधाजवळ ‘द ट्राउट’ आहे. इथपर्यंत जेरिकोहून सुमारे तासाभराची चाल होते. परत चालायचे नसेल तर वुल्व्हरकोटहून शहरात जाणारी बस मिळते.