गाइडची सही आणि तीन महिन्यांची मुदत

पीएच.डी. करणारी मुलगी धड नोकरदार नसते आणि वर्गात बसून परीक्षा देणारी विद्यार्थिनीही नसते. फेलोशिपचा कागद, प्रगती अहवाल, परिषदेला जायची परवानगी, शेवटी प्रबंध सादर करायची संमती, या सगळ्यावर एकाच माणसाची सही लागते. तो माणूस म्हणजे गाइड. विद्यापीठांतल्या लैंगिक छळाबद्दलचे बहुतेक गैरसमज या सहीच्या धाकानेच टिकून राहिले आहेत.

‘अंगाला हात लावला नाही ना, मग छळ कसला?’ हा त्यातला सर्वांत जुना. सर्वोच्च न्यायालयाने तो 1999 मध्येच निकाली काढला: छळ ठरायला प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असं नाही. 2013 चा कायदा (सगळे त्याला ‘पॉश’ म्हणतात) आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2015 चे नियम यांत शेरेबाजी, अश्लील चित्रं दाखवणं, शरीरसुखाची मागणी हे सगळं येतं. समोरच्या व्यक्तीला ते नकोसं होतं का, हा खरा प्रश्न. ‘सरांचा स्वभावच तसा आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. ऐकलंस तर प्रबंध लवकर पुढे जाईल, असं आडून सुचवणंही छळातच मोडतं.

‘ते फिल्डवर्कला घडलं, कॅम्पसबाहेर.’ आयोगाच्या नियमांत कॅम्पसची हद्द फाटकाशी संपत नाही. अभ्यास सहल, इंटर्नशिप, शिबिर, क्रीडास्पर्धा, संस्थेने पुरवलेली गाडी, सगळं त्यात धरलं आहे.

‘समितीत त्यांचीच माणसं असणार.’ ही शंका अगदीच निराधार नाही, म्हणून तर नियमांनी इथे विशेष काळजी घेतली आहे. अंतर्गत तक्रार समितीची अध्यक्ष ज्येष्ठ महिला प्राध्यापक असते. निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, एक सदस्य संस्थेबाहेरचा हवा आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थीही हवेत. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही. खुद्द संस्थाप्रमुखाविरुद्ध तक्रार असेल तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. आता समितीच्या सदस्यांची नावं नोटीस बोर्डावर कुठल्या कोपऱ्यात लावली आहेत, हे शोधणं हा वेगळाच संशोधनाचा विषय!

‘तक्रार केली की पीएच.डी. संपली.’ ही भीती सर्वांत खरी आणि सर्वांत मोठी. तिच्यावरचा उपाय लिहिलेला आहे, पण फार कमी जणींना ठाऊक असतो. चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचं वा परीक्षेचं मूल्यमापन करण्यापासून रोखण्याची शिफारस समिती करू शकते. म्हणजे ती सहीच त्याच्या हातून काढून घेता येते. संशोधक विद्यार्थी विशेष असुरक्षित असतात, हेही नियमांत स्पष्ट लिहिलं आहे.

‘सिद्ध झालं नाही तर उलट तिलाच शिक्षा.’ चूक. केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केली, हे चौकशीत वेगळं सिद्ध व्हावं लागतं. उलट बाजूही तितकीच नीट समजून घ्यावी. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकावरची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये रद्द केली, कारण समितीने घाईघाईत चौकशी उरकली आणि त्यांना बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. म्हणजे 2009 मधल्या तक्रारींची चौकशी चौदा वर्षांनी पुन्हा करायची वेळ आली. आरोपीला न्याय्य संधी देणं हे तक्रारदाराच्याही हिताचं असतं ते असं.

‘मुलींच्या हॉस्टेलला लवकर कुलूप लावा, प्रश्न मिटला.’ सुरक्षेचं कारण पुढे करून मुलींवर मुलांपेक्षा वेगळी बंधनं घालू नयेत, असं आयोगानेच बजावलं आहे. शिवाय छळ करणारा भर दुपारी केबिनमध्ये बसलेला असतो. आणि हो, काही विद्यार्थी मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही या हिंसेला बळी पडतात, हे त्याच नियमांनी मान्य केलं आहे.

राहिला शेवटचा, ‘आधी डिग्री हातात येऊ दे, मग बघू.’ तक्रारीची मुदत घटनेपासून, घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिने आहे. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार याच मुदतीत अडकली. शेवटची घटना एप्रिल 2023 मधली, तक्रार डिसेंबरातली. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुदतबाह्यच ठरवली. मात्र हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटात नमूद करावा, असाही आदेश दिला. फौजदारी तक्रारीचा मार्ग वेगळा असतो आणि त्यात मदत करणं हे संस्थेचं काम आहे. पण समितीकडे जायचं असेल तर घडलेल्या गोष्टीची तारीख आजच वहीत लिहून ठेवा.