चार गावांचं एकच कोर्ट

गटाच्या बैठकीत हप्ते आणि पासबुकं झाली की एखादी बाई हळूच विचारते, "ताई, पोटगीसाठी लांबच्या कोर्टातच जावं लागतं का?" आम्ही गटांचं काम करणाऱ्या बाया हा प्रश्न नेहमी ऐकतो. म्हणून आज ग्रामन्यायालयाची माहिती घेऊ.

ग्रामन्यायालयाचा कायदा २००८ साली झाला आणि २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. नावात 'ग्राम' असलं तरी प्रत्येक गावाला वेगळं कोर्ट मिळत नाही. एका पंचायत समितीतली सगळी गावं, किंवा शेजारशेजारच्या पंचायत समित्या मिळून, एक कोर्ट वाटून घेतात. ही जातपंचायत नव्हे आणि गावचे पंचही नव्हेत. हे सरकारी न्यायालयच आहे.

इथल्या न्यायाधीशांना न्यायाधिकारी म्हणतात. उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्य सरकार त्यांची नेमणूक करतं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला लागते तीच पात्रता त्यांना लागते आणि पगारही तेवढाच असतो. दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही कामं त्यांच्याकडेच असतात.

कोर्ट अनेक गावांचं असल्याचा फायदा असा, की न्यायाधिकारी कुठल्याच गावच्या पुढाऱ्याच्या हाताखाली नसतात. सरपंच त्यांना नेमत नाहीत आणि काढूही शकत नाहीत. पक्षकार त्यांच्या नात्यातला असेल किंवा प्रकरणात त्यांचा स्वतःचा संबंध असेल, तर ते प्रकरण त्यांना चालवता येत नाही. घरच्यांविरुद्ध बोलणाऱ्या बाईला याचा मोठा आधार असतो.

दुसरं, त्यांनी एका जागी बसून राहायचं नाही. अधूनमधून गावांत जाऊन, पक्षकार राहतात त्याच्या जवळ सुनावणी घ्यायची, असं कायदाच सांगतो. कोर्ट गावात येणार असेल तर तारीख आणि जागा आधी सगळ्यांना कळली पाहिजे. त्यासाठी वाहन वगैरे सोय सरकारने करायची.

अडचणही इथेच आहे. माणूस एक आणि गावं अनेक. काही ठिकाणी तालुक्याच्या कोर्टातल्या न्यायाधीशांकडेच हे जादा काम असतं, मग ग्रामन्यायालय आठवड्यातले ठरावीक दिवसच चालतं. तो दिवस माहीत नसेल तर बाईची मजुरी बुडते, गाडीभाडं जातं आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून आधी विचारा, मगच निघा.

इथे कोणती प्रकरणं चालतात? बायको, मुलं, आईवडील यांची पोटगी. कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज. विहिरीचं पाणी, पाटाच्या पाण्याची पाळी, गायरानाचा वापर असे वाद. लहानसहान चोऱ्या. माहेरी राहत असाल तर पोटगीचा किंवा हिंसाचाराचा अर्ज माहेरच्या भागातल्या कोर्टातही करता येतो.

दिवाणी दाव्याची फी शंभर रुपयांपेक्षा जास्त नाही, आणि दावा सहा महिन्यांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. न्यायाधिकाऱ्यांनी आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो. पण समेट म्हणजे सक्ती नव्हे. अटी मान्य नसतील तर सही करू नका. निकालाची प्रत दोन्ही बाजूंना फुकट मिळते. निकाल पटला नाही तर बहुतेक प्रकरणांत वर अपील करता येतं.

सगळ्या तालुक्यांत ग्रामन्यायालय नाही. जिथे नाही तिथे हीच कामं तालुक्याच्या कोर्टात होतात. आणि कुठल्याही कोर्टात गेलात तरी बाईला सरकारतर्फे मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

गटाने या महिन्यात दोन कामं करावीत. दोघींनी तालुक्याला जाऊन विचारावं: आपल्या भागात ग्रामन्यायालय आहे का, ते कुठल्या दिवशी बसतं आणि गावात कधी येतं? उत्तर गटाच्या वहीत लिहून ठेवा. ग्रामन्यायालय असूनही ते गावाकडे फिरकत नसेल, तर ग्रामसभेत तसा ठराव मांडा आणि त्याची प्रत जिल्हा न्यायालयाला व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पाठवा. एकटीचा अर्ज मागे पडू शकतो. चार गावांतल्या गटांनी मिळून मागणी केली, तर ती नजरेआड करणं अवघड जातं.