धूर, वारा आणि आमचे जुने घर

थंडी म्हटली की सर्वांना महाबळेश्वर आठवते. पण त्याच घाटाच्या पायथ्याशी, पोलादपूर तालुक्यातील आमच्या कौलारू घरातही पौषातल्या पहाटे दात वाजतात. भिंती आणि कौले यांच्यामध्ये वीतभर फट आहे, तिच्यातून वारा आत शिरतो. यंदा वडिलांनी ती बुजवायचे ठरविले, तेव्हा आजी एवढेच म्हणाली, "अरे, मग धूर कुठून जायचा?"

मी विचारात पडले. चुलीचा तापलेला धूर हलका होऊन वर चढतो व त्या फटीतून बाहेर पडतो. त्याची जागा घ्यायला खालून गार हवा येते. म्हणजे ज्या वाऱ्याने आपण कुडकुडतो, तोच आपल्याला धुरापासून वाचवितो! शिवाय धुरामुळे वाशांना कीड कमी लागते, पावसाळ्यात माळ्यावरची लाकडे सुकतात. मात्र आजीचे चुरचुरणारे डोळे आणि खोकला हीही त्या धुराचीच देणगी.

मग हिशेब मांडला. पंधरा लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला ३०० किलोकॅलरी उष्णता लागते. किलोभर सुक्या लाकडात ती सुमारे ४,००० असते. पण साध्या चुलीत जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला मिळतो. म्हणजे बादलीमागे पाऊण किलो लाकूड! विजेला हेच काम सुमारे एक तृतीयांश युनिटात होते.

सरकारने १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २०१६ साली उज्ज्वला योजना आली. आमच्याकडे गॅस आला तो स्वयंपाकापुरता. न्हाणीतले चुलाणे पेटतेच राहिले. सौर बंब उत्तम, परंतु आषाढ-श्रावणात आमच्याकडे सूर्यदर्शनच दुर्मीळ. गॅसचा गिझर बंद न्हाणीत बसविणे तर जिवाशी खेळ. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

शेवटी असे ठरले : चुलाण्याला छपरापर्यंत धुराडे बसवायचे, स्वयंपाकघराची फट तशीच ठेवायची आणि आजी निजते त्या माजघराचीच तेवढी बुजवायची. धूर नाही म्हणून तिथल्या वाशांना काजूच्या टरफलांचे तेल द्यायचे.

हे सारे आजीच्या एका प्रश्नाने शिकविले. जुने घर सुधारताना आधी धुराला वाट द्यावी, मगच वाऱ्याची वाट अडवावी.