तीन वाजेच्या आतला कागद

पक्ष उमेदवार कसा ठरवतात यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. अमरावतीत फिरताना माझं लक्ष एबी फॉर्मवरच खिळलं. वऱ्हाडात अर्ज भरायचे दिवस आले की चौकात एकच विचारणा: एबी फॉर्म कोनाले भेटला?

'ए'मध्ये पक्ष कळवतो की उमेदवाराचं नाव देण्याचा अधिकार कोणाला. नमुना सह्याही त्यातच. 'बी'मध्ये उमेदवाराचं नाव आणि सोबत पर्यायी नाव. सही शाईचीच लागते. रबरी शिक्का चालत नाही, फॅक्स चालत नाही. शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत हे कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले नाहीत, तर पक्षाचं चिन्ह गेलं. मग दहा सूचक जोडलेले नसतील तर अर्जही बाद. त्याच वेळेत दुसरा 'बी' आला आणि त्यात पहिला रद्द केल्याचं लिहिलं असलं, तर सकाळचा उमेदवार दुपारी उडतो.

इतका काटेकोर कागद, पण नाव कसं ठरलं हे तो विचारत नाही. २७ मार्च २०२४ ला भाजपने नवनीत राणांना अमरावतीची उमेदवारी जाहीर केली. पक्षप्रवेश त्यानंतर, त्याच रात्री झाला. २००७ मध्ये अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाच्या उमेदवार झाल्या. आनंद साऱ्या जिल्ह्याला झाला, पण नाव ठरलं दिल्लीतल्या बैठकांत, डाव्यांनी शिवराज पाटलांना नकार दिल्यावर.

एबी फॉर्मचे हे नियम ज्यात आहेत तो निवडणूक चिन्हांचा आदेश ऑगस्ट १९६८ चा. त्याच महिन्यात अमेरिकेत, शिकागोत, डेमोक्रॅटिक पक्षाने एकही प्राथमिक (उमेदवार ठरवणारी) निवडणूक न लढलेल्या ह्युबर्ट हम्फ्रींना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. रस्त्यावर लाठ्या चालल्या, आणि १९७२ पर्यंत पक्षाने उमेदवार निवडीचे नियम बदलले.

उमेदवार पक्षातल्या मतदानाने ठरवण्याचा एक प्रयत्न आपल्याकडेही झाला. २०१४ ला काँग्रेसने वर्धा लोकसभेसाठी पक्षांतर्गत मतदान घेतलं. अमरावती जिल्ह्यातले मोर्शी आणि धामणगाव रेल्वे याच मतदारसंघात येतात. जिंकले सागर मेघे, विद्यमान खासदार दत्ता मेघेंचे चिरंजीव. पुढे ते भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले आणि प्रयोग गुंडाळला गेला. मोदी लाटेतल्या एका पराभवावरून तो मोडीत काढणं मला चूक वाटतं.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. तिथे मत होतं ते मुख्यतः पदाधिकाऱ्यांना, आणि बहुतेक पदाधिकारी नेत्यांनीच नेमलेले. सगळ्या सभासदांना मत द्यावं तर याद्या खऱ्या कुठे आहेत? ज्याच्याकडे पैसा तो रातोरात सभासद भरणार. हरलेला गट प्रचारात घरी बसणार. घराणीही अशा मतदानाने आपोआप हटत नाहीत: वर्ध्यात मतदान घेऊन मुलगा आला, अकोल्यात २०२४ ला मतदान न घेता भाजपच्या संजय धोत्रेंच्या जागी त्यांचे चिरंजीव अनुप धोत्रे आले.

स्थानिक शाखांच्या शिफारशीवरून उमेदवार निवडावेत, असं विधी आयोगाने १९९९ मध्येच सुचवलं होतं. कायद्यात ते अजून आलेलं नाही. तेव्हा सभासद नोंदणीचं पावतीपुस्तक घेऊन कोणी दारात आलं, तर पैसे देण्याआधी विचारा: उमेदवार ठरवताना माझं मत घेणार का?