बोअर माझा, पाणी कोणाचं?

जानेवारी सरला की मराठवाड्यात आणि माणदेशात रस्त्यावर तमिळनाडूच्या नंबरप्लेटच्या बोअरच्या गाड्या दिसू लागतात. तिकडच्या तिरुचेंगोडू गावाचा हा धंदाच आहे. तिथल्या गाड्या देशभर बोअर पाडत फिरतात. पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवतो, गाडी लागते, फुफाटा उडतो. तीनशे फुटांपर्यंत ओल लागली नाही की मालक म्हणतो, 'अजून शंभर घाला.' दर फुटावर असतो, खोलीबरोबर तो चढत जातो आणि पाणी लागो न लागो, पैसे मोजावेच लागतात.

समजा लागलं, दोन इंच लागलं. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या बांधावरची विहीर महिनाभर आधीच तळ दाखवते. मग शेजारीही गाडी बोलावतो आणि आणखी शंभर फूट खाली जातो. यात चूक कोणाची म्हणायची? पहिल्याला बाग वाचवायची होती, दुसऱ्यालाही तेच हवं होतं. दोघांनी कर्ज काढलं ते आपापल्या हिशेबाने ठीकच होतं. तरीही पाच वर्षांनी दोघांचेही बोअर कोरडे पडतात आणि गावाच्या नळपाणी योजनेची विहीर त्याआधीच आटलेली असते.

राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. हा खडक वाळूसारखं पाणी शोषत नाही. पाणी साठतं ते वरच्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये. खोल बोअर बहुतेक वेळा नवं पाणी शोधत नाही. तो वरचंच पाणी ओढतो, नाहीतर खालच्या भेगेतलं वर्षानुवर्षांचं, सावकाश भरणारं पाणी उपसतो. सगळ्या गावाचं एकच बँक खातं असावं, प्रत्येकाच्या खिशात त्याचं एटीएम कार्ड असावं आणि पासबुक कोणाकडेच नसावं, तसा हा मामला आहे.

सरकारने लोकांच्या व्यवहारात हात का घालावा, याचं पहिलं उत्तर इथे आहे. एरवी बाजारात वस्तू कमी पडली की भाव चढतो, भाव चढला की माणूस जपून वापरतो. जमिनीखालच्या पाण्याला भावच नाही. खर्च फक्त उपशाचा, म्हणजे विजेचा. माझ्या उपशाने शेजाऱ्याचं जे नुकसान होतं ते माझ्या बिलात कुठेच दिसत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. व्यवहार दोघांचा आणि भुर्दंड तिसऱ्याला, असं झालं की बाजार एकट्याच्या बळावर तो दुरुस्त करू शकत नाही.

दुसरं कारण माहितीचं. जमिनीखाली किती पाणी आहे हे मोजण्याचा खर्च एकटा शेतकरी करणार नाही, कारण ती माहिती एकदा बाहेर पडली की सगळ्यांच्याच कामाची. म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सरकारी पैशांतून निरीक्षण विहिरी ठरवते आणि वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजते. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यावर कोणी मतं मागत नाही. माझ्या मते मात्र या क्षेत्रात सरकारने केलेल्या गोष्टींत ते सर्वांत उपयोगी आहे. तिसरं कारण न्यायाचं. स्पर्धा खोलीची असेल तर जिंकणार तो, ज्याला कर्ज मिळतं. भूमिहीन मजुराला तर तहान असूनही या स्पर्धेत जागाच नाही.

पण हस्तक्षेप म्हणजे नेहमी मलमच असं नाही. मुळात सरकारनेच कायद्याने घडी अशी बसवली की ज्याची जमीन, त्याचं तिच्याखालचं पाणी. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून हे चालत आलं आहे. खडकातलं पाणी बांध ओळखत नाही, हे कायद्याच्या गावीही नव्हतं. 1993 मध्ये महाराष्ट्राने पिण्याच्या पाण्यापुरता कायदा केला आणि सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नव्या विहिरीला बंदी घातली. 2009 चा भूजल अधिनियम त्याच्या पुढे गेला. अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई, आधीच असलेल्या खोल विहिरींच्या उपशावर उपकर. राष्ट्रपतींची संमती मिळून तो लागू व्हायला 2014 साल उजाडलं. आणि रात्री अकरा वाजता शिवारात लागलेली गाडी अडवायला जाणार कोण? तलाठ्याने ती अडवावी अशी अपेक्षा करणाऱ्याने कधी तलाठ्याचं काम पाहिलेलं नसावं.

इकडे कायदा उपसा रोखू पाहतो, तिकडे त्याच सरकारच्या योजना उपसा वाढवतात. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. उसाला एफआरपीची हमी आहे आणि घ्यायला कारखाना आहे. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण तो हाती पडेल याची खात्री नसते. अशा वेळी बोअरवाला शेतकरी ऊस लावणार नाही तर काय करणार? शेततळ्यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवावं म्हणून अनुदान दिलं गेलं. अनेक ठिकाणी तळ्यात प्लास्टिक अंथरून ती बोअरच्या पाण्याने भरली गेली. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात वाळत घातलं, तेही सरकारी खर्चाने. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्याचा दोष एकट्या पावसावर ढकलता येणार नाही.

म्हणजे एकीकडे बाजार अपुरा, दुसरीकडे सरकार अडखळणारं. तिसरी वाट आपल्याकडेच निघाली. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर. भूमिहीनालाही वाटा आणि उसाला मनाई. हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने सिंचनासाठी बोअर घेणं बंद केलं. पाऊस किती झाला ते मोजून ग्रामसभेत ताळेबंद मांडला जातो आणि त्यावर रब्बीची पिकं ठरतात. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेमकं हेच मांडलं: सामाईक साधनं सरकारने ताब्यात घ्यावीत किंवा विकून टाकावीत, एवढेच दोन पर्याय नसतात, वापरणारे स्वतः नियम करून पाळू शकतात. त्यांचा पीएचडीचा प्रबंधही कॅलिफोर्नियातल्या भूजलावरच होता.

मात्र प्रत्येक गावाला पोपटराव मिळत नाहीत, आणि धोरण नेत्याच्या वकुबावर सोडायचं तर त्याला धोरण तरी का म्हणावं? सरकारने करायचं ते इतकंच: मोजणी गावापर्यंत पोहोचवायची, गावाने केलेला नियम मोडणाऱ्याला कायद्याचा धाक दाखवायचा आणि भाव व वीज यांतून उलटी लालूच द्यायची नाही. पहिली दोन कामं तुलनेने स्वस्त आहेत. तिसऱ्याला राजकीय किंमत आहे, म्हणून ते कोणत्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात नाही. काहीच न करणं हाही सरकारचा निर्णयच असतो.

तुमचं नाव एखाद्या गावच्या मतदार यादीत असेल तर तुम्ही तिथल्या ग्रामसभेचे सदस्य आहात. पावसाळा संपला की होणाऱ्या सभेत यंदाचा पाऊस, निरीक्षण विहिरीची पातळी आणि रब्बीचा नियोजित उपसा यांचा हिशेब वाचून दाखवायला सांगा.