क्रियापदाची साक्ष

पावसाळ्याच्या दिवसांत गावात एक बातमी येते. एकजण सांगतो, 'नदीवरचा पूल वाहून गेल्याचे रामरावांना कळले.' दुसरा सांगतो, 'नदीवरचा पूल वाहून गेला असे रामरावांना वाटले.' दोन्ही वाक्यांत पूल तोच, नदी तीच आणि रामरावही तेच. तरी पहिले वाक्य ऐकणारा मनुष्य पैलतीरी जाण्याचा बेत रद्द करतो. दुसरे ऐकणारा निदान नदीपर्यंत जाऊन पाहून येतो. पूल खरोखर गेला की नाही हे सांगणारे स्वतंत्र वाक्य तर कोणीच उच्चारलेले नाही. 'कळले' आणि 'वाटले' या दोन क्रियापदांनी ते काम परस्पर उरकले. आणि यातली हमी रामरावांची नव्हे. ती बोलणाऱ्याने दिलेली आहे, बहुधा त्याच्या स्वतःच्याही ध्यानात न येता.

ही हमी किती चिवट असते ते पाहावयाचे असेल, तर वाक्य नकारार्थी करून पाहावे. 'पूल वाहून गेल्याचे रामरावांना कळले नाही.' येथे नकार रामरावांच्या ज्ञानाला लागला. पूल मात्र वाहून गेलेलाच राहिला. उलट, 'पूल वाहून गेला असे रामरावांना वाटले नाही,' या वाक्यावरून पुलाविषयी काहीच निश्चित होत नाही. पॉल आणि कॅरोल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञ दांपत्याने १९७० साली 'फॅक्ट' या आपल्या निबंधात क्रियापदांच्या या दोन जाती वेगळ्या करून दाखविल्या. पहिल्या जातीला मराठीत तथ्यवाचक क्रियापदे म्हणता येईल. त्यांच्या आश्रयाने येणारे विधान खरे आहे, असे बोलणारा आधीच धरून चाललेला असतो. माहीत असणे, आठवणे, लक्षात येणे, उमगणे, पश्चात्ताप होणे ही सारी त्याच कुळातली. वाटणे, भासणे, संशय येणे यांचे कूळ निराळे. दोरीच्या जागी साप 'भासतो' असे वेदान्ती सांगतो, तेव्हा साप नाही हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु मराठी क्रियापदे अशी दोन कप्प्यांत निमूटपणे बसत नाहीत, आणि खरी गंमत तेथेच आहे. 'समजणे' हे एकच क्रियापद घ्यावे. 'तुम्ही डॉक्टर आहात हे मला समजले,' या वाक्यात समोरचा गृहस्थ डॉक्टर आहे. 'मी तुम्हांला डॉक्टर समजलो,' असे म्हणताच त्या गृहस्थाची पदवी गेली, आणि बोलणाऱ्यावर ओशाळण्याची पाळी आली! क्रियापद बदललेले नाही. बदलली ती जाणणाऱ्याची विभक्ती. जेथे समज माणसाकडे चालून येते, तेथे 'मला' म्हणावयाचे, आणि ती समज खरी. जेथे माणूस आपल्या कर्तृत्वाने समजून बसतो, तेथे 'मी', आणि तो समज बहुधा चुकीचा. जाणणाराच वाक्यातून काढून टाकला म्हणजे तिसराच प्रकार होतो. 'मंत्रिमहोदय उद्या येणार असल्याचे समजते,' असे वृत्तपत्र छापते. कोणाला समजते? ते गुलदस्त्यात. मंत्रिमहोदय आले तर बातमी खरी, न आले तर वृत्तपत्राने तसे म्हटलेच कोठे होते? सावधपणाची याहून सोयीची जागा मराठीत क्वचितच सापडेल.

'वाटणे' याचीही तीच तऱ्हा. 'मला वाटते तो गेला,' हे केवळ मत झाले. 'मला वाटले तो गेला,' असे भूतकाळात म्हटले, की तो गेलेला नाही, बहुधा समोरच उभा आहे. आणि त्याच 'वाटले'ला एक इवलासा 'च' जोडला, 'मला वाटलेच तो गेला असणार,' की पारडे पुन्हा फिरते: तो गेला, आणि बोलणाऱ्याचा तर्क खरा ठरला. परभाषिक मनुष्य मराठी शिकताना अडखळतो तो अशा ठिकाणी. कोशात 'वाटणे' याचा अर्थ मिळतो, पण अनुमान, चूक आणि प्रौढी यांचा उगम एकाच धातूतून कसा होतो हे घरात वावरल्याखेरीज कळत नाही.

याशिवाय मराठीने एक क्रियापद केवळ जबाबदारी झटकण्यासाठी राखून ठेवले आहे. ते म्हणजे 'म्हणे'. मुळात हे 'म्हणणे' या क्रियापदाचे रूप. आता त्याला कर्ता नाही, वचन नाही. 'ती मंडळी म्हणे कालच परतली,' यात कोण म्हणाले ते शोधण्यात अर्थ नाही. ऐकले ते सांगितले, एवढाच त्याचा अर्थ. वाक्याच्या आरंभी आला की तोच शब्द बोचरा होतो: 'म्हणे मी पंडित!' ऐकीव गोष्टीपासून अविश्वासापर्यंतचे अंतर एका शब्दाने जागा बदलून कापले.

पाहिलेले आणि ऐकलेले यांत क्रियापदानेच भेद करण्याची ही ओढ फार जुनी आहे. पाणिनीने बोलणाऱ्याने न पाहिलेल्या, आजच्या दिवसाअगोदरच्या घटनेसाठी लिट् लकार सांगितला. आता, जी गोष्ट स्वतःच्या बाबतीत घडली ती परोक्ष कशी असेल? टीकाकारांनी यावर उत्तर दिले, की झोपेत बडबडलेला मनुष्य स्वतःविषयीही असेच बोलेल. महाभाष्यात तर शाकटायनाची मौजेची आठवण आहे. रस्त्याच्या कडेला बसलेल्या या वैयाकरणाच्या समोरून गाड्यांचा तांडा निघून गेला, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे हजर असणे आणि साक्षी असणे या दोन गोष्टी झाल्या. या नियमाला कात्यायनाने एक पुरवणी जोडली: घटना बोलणाऱ्याने पाहिलेली नसली, परंतु ती लोकविश्रुत असून त्याला पाहता येण्याजोगी असली, तर लिट् नव्हे, लङ् वापरावा. पतंजलीने त्याचे उदाहरण दिले ते यवनाने साकेताला घातलेल्या वेढ्याचे. १८६१ साली गोल्डस्टुकर या पंडिताने त्या एका क्रियारूपाकडे बोट दाखवून म्हटले, की हा वेढा पतंजलीच्या हयातीतला असला पाहिजे. उदाहरण पूर्वपरंपरेने आलेले असू शकते, अशी शंका इतरांनी घेतली. तथापि एका ग्रंथकाराचा काळ ठरविण्यासाठी क्रियापदाला साक्षीला बोलवावे, ही कल्पनाच विलक्षण आहे.

न्यायालयात हा भेद कायद्याने पाळला जातो. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यानुसार, पाहण्याजोगी गोष्ट ज्याने स्वतः पाहिली त्यानेच ती तोंडी सांगावयाची होती. पोलीस अधिकाऱ्याजवळ दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. ही दोन्ही तत्त्वे त्यातही आली आहेत. वृत्तपत्राच्या स्तंभात मात्र असा दंडक नाही. 'आरोप केला', 'दावा केला', 'उघडकीस आणले', 'निदर्शनास आणून दिले' हे प्रयोग तेथे एकमेकांच्या जागी सर्रास येतात. वस्तुतः पहिल्या दोहोंत बातमीदार बाजूला उभा असतो. शेवटच्या दोहोंत तो त्या माणसाच्या शेजारी जाऊन उभा राहिलेला असतो.

सर्वांत घातक प्रयोग 'कबूल करणे' याचा. एखाद्या पेढीतून रक्कम नाहीशी झाली आणि तेथल्या कारकुनाला पोलिसांनी चौकशीसाठी नेले, अशी कल्पना करावी. कारकून म्हणतो, मी पैसे घेतले नाहीत. बातमी छापून येते: 'कारकुनाने पैसे घेतल्याचे कबूल केले नाही.' शब्दशः पाहता यात खोटे काहीच नाही. परंतु पुलाच्या वाक्याची कसोटी येथे लावून पाहावी. नकार कबुलीला लागला. चोरी जागच्या जागी राहिली. 'कारकुनाने आरोप नाकारला,' असे छापले असते तर शब्द तितकेही लागले नसते. पण 'कबूल केले नाही' असे वाचणाऱ्या शेजाऱ्याच्या मनात पैसे कारकुनानेच घेतले हे ठरून गेलेले असते, आणि राहिला असतो तो फक्त त्याचा निगरगट्टपणा. त्यातून बातमीदाराने 'अद्याप' हा एक शब्द आणखी घातला, 'अद्याप कबूल केलेले नाही,' तर त्या कारकुनाच्या मुलाने शाळेत कोणते तोंड घेऊन जावे?