भाडं वजा जाता उरतं काय?

“ताई, घरभाडं काय आमच्या पोटात जातं व्हय?”

मंगलचा (नाव बदललं आहे) हा सवाल ऐकला आणि मी गप्पच झाले.

मंगल बार्शीत धुणीभांडी करते. नवऱ्याची हमाली सीझनपुरती. दोघांचे मिळून महिन्याला सरासरी साडेसहा हजार, म्हणजे वर्षाचे ७८,०००. दोन लेकरं. कार्ड केशरी, पण त्यावर धान्य नाही. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीसाठी २०१३च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा घातली, ती शहरात ५९,००० आणि खेड्यात ४४,०००. यादीत नाव असतं तर माणशी ५ किलो, म्हणजे घरात महिन्याला २० किलो धान्य आलं असतं. जानेवारी २०२३पासून तर ते मोफत आहे.

आता हिशेब मांडू या. खोलीचं भाडं महिना २,०००, वर्षाला २४,०००. हातात उरले ५४,०००. म्हणजे स्वतःच्या घरात राहून ५८,००० कमावणारी बाई मर्यादेत बसते आणि ५४,०००त चूल पेटवणारी मंगल बाहेर राहते! कारण दाखल्यावर उत्पन्न लिहितात, भाडं कुणी वजा करत नाही.

अमेरिकेत गरिबांना अन्नासाठी मदत देणारी ‘स्नॅप’ योजना आहे. तिथे घरभाडं आणि वीज-पाण्याचा खर्च ठरावीक प्रमाणाबाहेर गेला, तर वरची रक्कम काही मर्यादेपर्यंत उत्पन्नातून वजा धरतात. त्यांचा नियम जसाच्या तसा इथे चालेल असं नाही. पण भाडं देणारीच्या हातात कमी उरतं, एवढं तरी कागदावर यायला नको का?

तोवर आपल्या हातात काय आहे? कार्डासाठी घर स्वतःचंच लागतं, हा गैरसमज आधी काढून टाका. पत्त्यासाठी भाडेपावती किंवा भाडेकरार चालतो. गावाकडे प्राधान्य कार्ड असेल, तर त्यावरचं धान्य अंगठा लावून बार्शीतल्या दुकानातही उचलता येतं.

आणि मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणी घरमालकीण आहेत. “पावती दिली की भाडेकरू खोली बळकावतील,” या भीतीने आपण हात आखडता घेतो. भाडं मात्र दर महिन्याला न चुकता मोजून घेतो. या महिन्यात भाडं घेताना पावतीही लिहून द्या. त्या चिठोऱ्यावर कुणाच्या तरी लेकरांची भाकरी अडलेली असते.